कॅमेऱ्याकडे न बघणारी माणसं

आये, आता लग्नाचं काम घेताना लोक आधीच सांगतात की आम्हाला ओळीनं उभं करून, हसा म्हणून फोटो काढू नका, आम्हाला कळणार नाहीत असे काढा. त्याला कॅन्डिड म्हणतात. मग नवरी खिडकीशी उभी राहून बाहेर बघते, तिच्या मैत्रिणी तिची वेणी सारखी करतात, नवरा मनगटावर घड्याळ बांधत राहतो, आणि मी दाराच्या आड उभी आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. परवा एकीनं तर विचारलं, "ताई, आता कॅन्डिड पोज देऊ का?" मी म्हटलं, दे. काम आहे ते. पण तू होतीस तेव्हा भिवंडीत हे नाव कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी नुसती माणसं बघायची आणि ती आपापल्यात असताना बटण दाबायची. चाचांना वाटायचं, ह्या पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही.

चाचांच्या स्टुडिओत मला तूच नेऊन बसवलं होतंस. बारावीनंतर मी घरी बसले होते, दादा राहनाळच्या गोडाऊनवर लागला होता, आणि तू कुणाच्या तरी लग्नात ऐकून आलीस की नाक्यावरच्या फोटोवाल्याला एक मुलगी हवी आहे. मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून. तू हिरवं लुगडं नेसून दुकानात शिरलीस आणि म्हणालीस, "पोरगी शानी हाय, पन कमी बोलते." चाचा म्हणाले, "अच्छा है, हमको भी फोटो लेनेवाली चाहिए, भाषण देनेवाली नहीं." तू हसलीस. तुझं ते मोठ्यानं हसणं त्या अरुंद दुकानात मावलं नव्हतं, शेजारचा टेलर डोकावून गेला होता.

चाचा चांगला माणूस, पण त्यांच्या हिशेबी फोटो म्हणजे समोर बघणारं माणूस. खांदे सरळ, हनुवटी खाली, डोळे इकडे. त्यांनी मला उजेड शिकवला, फ्लॅश भिंतीवर मारून मऊ कसा करायचा ते शिकवलं, आणि माझे फोटो कॉम्प्युटरवर बघताना कपाळाला हात लावला. "ये क्या है बेटा? दुल्हन इधर, और तू उधर दादी के पैर खींच रही है?" त्या आजीनं नातीच्या लग्नात नवी चप्पल घातली होती आणि ती चावत होती म्हणून खुर्चीखाली काढून ठेवून दुसऱ्या पायानं झाकली होती. मला ते आवडलं होतं. चाचांनी तो फोटो अल्बममध्ये घातला नाही. पण डिजिटल कॅमेरा नवा आला होता, रोल वाया जायची भीती गेली होती, म्हणून त्यांनी मला अडवलंही नाही. आधी त्यांचे काढायचे, मग माझे.

तुझं आणि माझं काम कधीकधी एकाच मांडवात असायचं. गावच्या लग्नात भटजी यायच्या कितीतरी आधी धवलारीण येऊन बसते. देवांना नावानं बोलावते, हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचा धवला असतो, तो तिनं गायल्याशिवाय बायका हात पुढे करत नाहीत. आमच्या भागात ती तू होतीस. बाबा गेल्यावर ह्या गाण्यांवर तू आम्हाला वाढवलंस. सारा तालुका तुला मावशी म्हणायचा. मी कॅमेरा घेऊन आत यायची तेव्हा तू गाता गाता डोळा उघडायचीस, मला बघायचीस आणि पुन्हा मिटायचीस. ओळख दाखवायची नाहीस. कामावर असताना तू माझी आई नसायचीस.

एकदा मी तुला घरी फोटो दाखवले. शेलार गावाकडच्या एका लग्नातले, जात्याभोवती बसलेल्या बायकांचे. एकीच्या नाकावर हळद, एक जांभई देते आहे, एक दुसरीच्या कानात काहीतरी सांगते आहे आणि ती ऐकणारी तोंडावर पदर घेऊन हसते आहे. तू चुलीपाशी बसली होतीस, भाकरी थापत. हात पिठाचे म्हणून लांबूनच मान वळवून बघितलंस. म्हणालीस, "ह्यात कोनीच मेल्यासारका बसला न्हाय." मग म्हणालीस, "चाचाला सांग, माजी पोरगी गान्यासारका फोटो कारते." मी ते चाचांना कधी सांगितलं नाही, लाज वाटली. पण मला आजवर मिळालेली शाबासकी ती एवढीच, बाकीची सगळी नंतरची आणि परक्यांची.

आणि तुझं रागावणंही आहे. कुठल्याशा लग्नात नवरी मागच्या दारी पाण्याच्या पिंपाआड जाऊन रडत होती. पिंपाच्या कडेला धरून, आवाज न करता, हळदीचे ओघळ गालावर. मी भिंतीच्या कोपऱ्यातून कॅमेरा उचलला आणि मागून तुझा हात आला, भिंगावर. सबंध पंजा. "आदी तिला इचार," तू म्हणालीस. मी म्हटलं, विचारलं तर ती रडायची थांबेल. "मंग थांबू दे. तुज्या फोटोपायी तिनं रडत राहायचं का?" भिंगावर तुझ्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. घरी येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. मी त्यानंतरही न विचारता फोटो काढत राहिले, कारण विचारलं की माणूस बदलतो. पण रडणाऱ्या बाईपुढे माझं बोट अजूनही अडखळतं.

खारबावच्या पुढच्या त्या गावातली हळद मे महिन्यातली. नवरीचं कुटुंब साधं होतं, पण मामा मोठा. त्याची भातशेती गोडाऊनवाल्यांना गेली होती, मग त्यानं स्वतःच गोडाऊनं बांधली, आणि दादा त्याच्याच एका गोडाऊनवर सुपरवायझर होता. त्यामुळे काम आलं ते मामाकडूनच. दुकानात येऊन त्यानं चाचांना सांगितलं, "मावशीची पोरगी पायजे. तिला वाटंल तसं कारू दे फोटो. माजी भाची एकच हाय." म्हणजे आये, पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या पद्धतीनं काढ म्हणून बोलावलं, आणि तो हाच माणूस.

मी दुपारीच पोचले. तू आधीच तिथे होतीस. लोडशेडिंग होतं म्हणून जनरेटर लावला होता, दादा त्याच्यापाशी डिझेल बघत उभा होता. मांडवाच्या तोंडाशी बेंजोवाले. मामा पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात सोनं, इकडून तिकडे धावतोय, आचाऱ्याला ओरडतोय, म्हाताऱ्यांच्या पाया पडतोय. भाचीला पाटावर बसवल्यावर पहिली हळद त्यानं लावली. दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि स्वतःच रडायला लागला, मग रडताना हसला, त्याच्या मिशीला हळद लागली. मी ते सगळं काढलं. तो कॅमेरा विसरला होता. तीही विसरली होती. मला त्या दुपारी वाटत होतं की आपल्याला हेच येतं, दुसरं काही शिकायला नको.

ऊन उतरलं तेव्हा पोरं नाचायला लागली होती. प्यायलेली होती, पण भांडण नव्हतं, सगळे खुशीत. मामानं कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याच्याकडे लायसन होतं, आणि लग्नात ते काढणं काही नवीन नव्हतं, स्वतःच्या मुलाच्या हळदीतही त्यानं वर बार काढले होते. त्यानं मांडवाबाहेर जाऊन आकाशात एक बार काढला. बायका कानांवर हात ठेवून हसल्या. तू मान हलवलीस, गाणं थांबवलं नाहीस. मग पोरांनी त्याला खांद्यावर उचललं. हात वर, हातात ते, तोंड उघडं, मागे आंब्याचं तोरण. तो फोटो मी काढला. आणि मग मी कॅमेरा तुझ्याकडे वळवला, कारण एवढ्या गोंगाटात तू डोळे मिटून गात होतीस, गुडघ्यावर हातानं ठेका धरून, आणि तुझ्या भोवतीच्या बायका तुझ्या तोंडाकडे बघून शब्द पकडत होत्या.

आवाज फटाक्यासारखाच आला. तू पुढे वाकलीस. ताटातलं काहीतरी उचलायला वाकतात तशी. मला तसंच वाटलं, म्हणून माझं बोट बटणावर चालूच राहिलं. तू वाकतेस, तुझा हात हळदीच्या ताटात पडतो, शेजारची बाई तुला सावरायला वळते, तिचं तोंड. ते सगळं आहे. मग कुणीतरी किंचाळलं आणि मला कळलं.

तुला मामाच्याच गाडीत घातलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर, गाडी तो चालवत होता. दादा पुढे बसून खिडकीतून हात काढून लोकांना बाजूला हो म्हणत होता. नाक्यावर कंटेनर अडकले होते, पुढे ट्रक, मागे ट्रक, मामा हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि एकसारखा म्हणत होता, "मावशी, बोल गं, मावशी, बोलत राव." तू बोललीस. मला वाकून कान लावावा लागला. "धवला आर्धा राहिला," म्हणालीस. मी म्हटलं, राहू दे. तू म्हणालीस, "पोरीला तसंच पाटावर नका ठेवू." त्यानंतर तू काही बोलली नाहीस. रुग्णालय आलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त तुझे डोळे बघितले.

दुसऱ्या दिवशी तुला नेलं. त्याच दिवशी सकाळी तिकडे देवळात माळा घालून त्या पोरीचं लग्नही उरकलं, बिनवाजंत्रीचं. संध्याकाळी मामा आपल्या घरी आला. एकटा, चालत, गाडी कुठेतरी लांब ठेवून. ओट्यावर बसला आणि जमिनीकडे बघत मला म्हणाला, "बाय, मी तिला मारली न्हाय गं. माज्या हातनं मेली." दादानं त्याला पाणी आणून दिलं. तो पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून बसून राहिला, प्यायला नाही. मला अजून वाटतं, तेव्हा पोलीस आले असते तर त्यानं त्यांनाही हेच सांगितलं असतं.

पण नंतर त्याच्या घरचे जागे झाले. पुतणे, वकील, पुढारी. पोलिसांनी जबाब घ्यायला सुरुवात केली तेव्हा सगळा मांडव आंधळा झाला होता. कुणी म्हणालं, बाहेरचा कोणीतरी पोरगा होता, पळून गेला. कुणी म्हणालं, बेंजोमुळे काही ऐकू आलं नाही. तुझ्या मागे बसणाऱ्या, तुझ्याकडून गाणी शिकलेल्या बायका म्हणाल्या, आम्ही ताटाकडे बघत होतो. रिव्हॉल्व्हर खाडीत गेलं म्हणतात. दादानं सांगितलं, "मी जनरेटरकडं होतो, मना दिसला न्हाय." ते खरंच होतं, आये. तो तिथेच होता. पण ते तो ज्या तऱ्हेनं म्हणाला, घाईनं, कुणी विचारायच्या आधी, ते मला ऐकवलं नाही.

पुतण्या माझ्याकडे आला. गोड बोलला. "ताई, कॅमेऱ्यात काय असेल ते आपल्याला दे. मावशी आता परत येनार हाय का? काकाचा पन जीव तुटतोय. आनि तुझ्या दादाचं पन बघ ना." दादा दारातच उभा होता, त्यानं मान खाली घातली. पुतण्या गेल्यावर मी म्हटलं, तू काही बोलत का नाहीस. दादा म्हणाला, "काय बोलू? मना दोन पोरं हायत. त्यानं मुद्दाम केला काय? तुला काय पायजे, त्याला फाशी?" मला फाशी नको होती. मला एवढंच हवं होतं की तू कशी गेलीस ते कुणीतरी मोठ्यानं म्हणावं. तालुक्यातल्या निम्म्या बायकांना तू मांडवातून सासरी धाडलंस, गाऊन. आणि त्यांतल्या एकीलाही तू पडताना दिसली नाहीस.

चाचांनी फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ठेवले होते. मी दुकानात गेले तर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि विचारलं, "बेटा, तू क्या चाहती है? मेरे को बता. दुकान की फिकर मत कर." मी म्हटलं, पोलिसांना द्यायचेत. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. मग म्हणाले, "मैं पचास दफा बोला तेरे को, सामने देखनेवाला फोटो ले. तू सुनी नहीं." आणि ते लहान मुलासारखे रडले. फोटोंची सीडी त्यांनी स्वतः जाऊन पोलीस ठाण्यात दिली, माझ्याबरोबर. गावाकडची कामं त्या उन्हाळ्यातच बंद झाली. पुढच्या लगीनसराईत स्टुडिओला आमच्या लोकांकडून एकही बोलावणं आलं नाही. शहरातल्या मुसलमान बायकांच्या लग्नांनी आम्हाला जगवलं. त्यांना फक्त बाई हवी होती, कुठली ते त्या विचारत नव्हत्या.

मी घर सोडलं आणि दुकानामागे खोली घेतली. दादा आला नाही थांबवायला. तुझ्या वर्षश्राद्धाला गेले तेव्हा वहिनीनं वाढलं, दादा समोर बसून जेवला, आणि आम्ही मिठाशिवाय काही मागितलं नाही एकमेकांकडे. तो अजूनही त्याच गोडाऊनवर आहे. आता आम्ही बोलतो, मुलांच्या शाळेचं, त्याच्या गुडघ्याचं. त्या दिवसाचं नाही.

केस उभी राहायला कितीतरी वर्षं गेली. तोवर कॅमेरे बदलले, चाचांचे डोळे गेले, नाक्यावर पूल झाला. साक्षीला मला ठाण्याला बोलावलं. तुझे फोटो मोठे करून आणले होते, कागदावर, खालच्या कोपऱ्यात नंबर. सरकारी वकिलांनी एकेक हातात दिला आणि विचारलं, हे तुम्हीच काढलेत का. मी हो म्हणत गेले. ताटात पडलेला तुझा हात परक्या माणसांच्या टेबलावरून फिरत होता. कारकुनानं तो फोटो बघून चहाचा कप जरा लांब सरकवला. मला तेव्हा तुझा भिंगावरचा पंजा आठवला. तुला विचारता आलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, हे मी त्या पिंजऱ्यात उभी राहून शोधत होते, आणि मामाचे वकील माझा चष्मा किती नंबरचा आहे ते विचारत होते.

ते फार हुशार होते. आवाज चढवला नाही. कॅमेऱ्यातली तारीख चुकीची आहे, हे मान्य आहे का? मान्य होतं, लग्नाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ कोण लावत बसतं. तुम्ही फोटो काढताना लोकांना सांगता का? नाही. म्हणजे लोकांच्या नकळत काढता? हो. या फोटोत माझ्या अशिलाच्या हातात काय आहे, खरं की खेळण्यातलं, हे फोटोवरून सांगता येईल? मी म्हटलं, मी पाहिलं आहे. "फोटोवरून सांगा." नाही. मग त्यांनी दोन फोटो शेजारी ठेवले. एकात मामा खांद्यांवर, हात वर. दुसऱ्यात तू वाकलेली. "ह्या दोन फोटोंच्या मध्ये काय झालं, त्याचा फोटो आहे?" मी म्हटलं, नाही. "गोळी कुठल्या फोटोत दिसते?" कुठल्याच नाही. "बस, एवढंच."

मामा बाकावर बसला होता. खूप म्हातारा दिसत होता. सोनं नव्हतं, शर्टाचं वरचं बटण लागलेलं. त्यानं सबंध वेळ माझ्याकडे बघितलं नाही. ज्या माणसाचे इतके फोटो मी त्याच्या नकळत काढले, त्यानं एकदा तरी माझ्याकडे सरळ बघावं म्हणून मी वाट बघत होते. पुढे निकालाच्या दिवशी संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. बाहेर पुतण्यांनी पेढे आणले होते, त्यानं हात मारून खोका खाली पाडला आणि गाडीत जाऊन बसला. हे मी पायऱ्यांवरून बघितलं. माझ्यापाशी कॅमेरा नव्हता, आणि असता तरी मी उचलला नसता.

त्यानंतर माझं आयुष्य जसं कुणाचंही जातं तसं गेलं. चाचा वारले, दुकान त्यांच्या मुलीनं मला चालवायला दिलं. गावाकडची बोलावणी हळूहळू परत आली, कारण लोकांना कॅन्डिड हवं झालं आणि ते मला येत होतं. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं त्यांच्या मुलींची लग्नं मी काढली. त्या बायका मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. एकीनं एकदा माझ्या ताटात वडा वाढताना हात धरून ठेवला, थोडा वेळ, आणि सोडला. आता धवले स्पीकरवर लावतात. तुझ्यानंतर त्या भागात कुणी बसलं नाही.

आज दुपारी ती आली होती. तीच, पाटावरची. मी ओळखलं नाही, अंगानं भरली आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, "मावशीच्या पोरीला भेटायचं हाय." मग मी ओळखलं. तिला बसवलं, चहा मागवला. चहा येईपर्यंत ती भिंतीवरच्या नवऱ्या बघत राहिली. म्हणाली, "मामा गेला. आज दहावा झाला." मला आधी काहीच वाटलं नाही. मी विचारलं, काय झालं होतं. ती म्हणाली, "काय न्हाय. जेवन कमी केला, मंग बंद केला."

ती सांगत होती आणि मी ऐकत होते. त्या दिवसानंतर मामा कुणाच्याही हळदीला गेला नाही. तिच्या मुलीच्या बारशालाही बाहेर रस्त्यावर गाडीत बसून राहिला, पेढा तिथेच पाठवावा लागला. घरात कुणी गाणं लावलं की उठून जायचा. सासरी तिला बरीच वर्षं लोक तोंडावर म्हणायचे, हिच्या हळदीत मढं पडलं. "मना कोर्टात बोलावलेलं," ती म्हणाली. "येऊ दिला न्हाय असं न्हाय सांगत. मीच न्हाय आले. मी समोरच व्हती, ताई. मना समदा दिसला." हे ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. मी इतकी वर्षं जे वाक्य ऐकायला थांबले होते ते अशा दुपारी, पंख्याखाली, चहाच्या ग्लासवर आलं. मी म्हटलं, चहा थंड होतोय.

मग तिनं कामाचं सांगितलं. तिला मामाचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला. घरी आहेत ते सगळे जमिनीच्या कागदांवरचे, गोठलेल्या तोंडाचे. "त्यानं मना हलद लावली, तवा हसला व्हता. तुमी फोटो कारत व्हता तवा. तो हाय का तुमच्याकडं? माज्या लग्नाचा एकपन फोटो माज्याकडं न्हाय."

होता. मी तो फोल्डर कधी उघडला नव्हता आणि कधी पुसलाही नव्हता, प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर नेत आले होते. तिला शेजारी बसवलं आणि उघडला. मी वरच्या ओळींतच शोधत होते, म्हणजे खालचे, तू पडतानाचे, दिसू नयेत. तो फोटो आला. मामानं तिचे गाल धरलेत, डोळ्यांत पाणी, दात सगळे दिसतायत, मिशीला हळद. ती पाटावर हसते आहे, एकोणीस-वीसची असेल. त्या फोटोत कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती पडद्याला हात लावून हुंदके द्यायला लागली, आधी आवाज दाबून, मग न दाबता. मी प्रिंट काढला, मोठा. पाकीट करून तिच्या हातात दिला. तिनं पर्स उघडली तेव्हा मी नको म्हटलं. जाताना ती पायाशी वाकली, मी तिला वाकू दिलं नाही. दारातून म्हणाली, "तुमची आय लय चांगली गायची." एवढंच.

ती गेल्यापासून मी दुकानात बसून हे लिहिते आहे. वर्दळ चालू आहे, कुणी पासपोर्टचे फोटो घेऊन जातं, मी देते आणि पुन्हा लिहिते. हा कागद कुठे पाठवणार. तुला वाचता येत नव्हतं आणि दादाला हे वाचायचं नाही. झाला की फाडून टाकेन, किंवा राहील काउंटरच्या खाली.

एकच सांगायचं राहिलं, आये. ती रडत होती तेव्हा मीही रडले. ती मला गप्प करत होती, तिला वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे, आणि मी तिला तसंच वाटू दिलं. पण मी पडद्यावरच्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी त्याच्यासाठी रडले गं. थोडंच, पण रडले.